तिसऱ्या माणसाचा पत्ता

मुलगा पसंत पडला होता, मुलगी पसंत पडली होती, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, रविवार ठरला होता, चहाच्या कपांत साय धरली होती आणि सगळे उठायच्या बेतात असताना होणारे व्याही उत्तमराव भगत यांनी सदऱ्याच्या खिशातून पाच पत्ते काढले.

मुलीचे वडील देवमनराव पडघान यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. लिलाबाईंनी छताकडे पाहिलं. अनसिंगसारख्या गावात, गणिताचे निवृत्त शिक्षक म्हणून ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, त्या माणसाच्या खिशात पत्ते? रिसोडहून दोन बस बदलून आपण चांगलं घर पाहायला आलो, आणि निघालं काय?

"घाबरू नका," सर हसून म्हणाले. "कोडं हाय. नवीन सोयरा जुळला का मी हे घालतोच."

कोडं असं होतं. पाच पत्ते, तीन लाल आणि दोन काळे. तीन माणसांना ते पाचही दाखवायचे. मग प्रत्येकाच्या कपाळावर एकेक पत्ता लावायचा आणि उरलेले दोन लपवून टाकायचे. प्रत्येकाला दुसऱ्यांचे पत्ते दिसतात, आपला दिसत नाही. तिसऱ्या माणसाचे तर डोळेच बांधलेले, त्याला कुणाचाच दिसत नाही. आता पहिल्याला विचारलं, तुझा पत्ता लाल की काळा? तो खरं तेच सांगणारा माणूस, म्हणाला, माहीत नाही. दुसऱ्याला विचारलं. तोही खरं बोलणारा. तोही म्हणाला, माहीत नाही. तेव्हा डोळे बांधलेला तिसरा म्हणाला, मला माहीत आहे! आणि त्यानं बरोबर सांगितलं.

"तं त्याचा पत्ता कोनता? अन् त्याले कसं कळलं?" सरांनी विचारलं आणि ते मागे रेलून बसले.

देवमनराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या जिभेला काही वळणं पडलेली असतात. 'पाहतो', 'वर पाठवलंय', 'सोमवारी या' ही वाक्यं त्या वळणांत आपोआप येऊन बसतात. 'माहीत नाही' हे वाक्य बसत नाही. टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला एकदा 'माहीत नाही' म्हटलं की उद्यापासून तो खुर्चीला विचारणार नाही, ही त्यांची ठाम समजूत होती. म्हणून सरांचं बोलणं संपताच ते म्हणाले,

"अहो, हे सोपं आहे!"

"सोपं?" सर एकदम ताठ बसले. "मंग सांगा."

देवमनरावांचा फोन एरवी अशा वेळी हमखास वाजायचा. त्या दिवशी तो वाजला नाही. स्वयंपाकघराच्या दारात सरांची बायको उभी होती, माजघरातून कोणी आत्याबाई डोकावत होत्या, शेलूबाजारचे मुलाचे मामा मिशीवर बोट ठेवून टक लावून पाहत होते. देवमनराव उठून उभे राहिले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता बसची वेळ झाली. साक्षगंधाच्या दिवशी सांगतो. सगळ्यांसमोर."

ते 'सगळ्यांसमोर' कुठून आलं, हे त्यांना नंतर कितीही विचार करून कळलं नाही. कदाचित बस खरोखरच सुटत होती आणि वाक्याला थांबायला सवड नव्हती.

सरांचा चेहरा मात्र उजळला. "वा! लेकाचं आजवर असं कोनी बोललंच नाही! सगळ्या पावण्यासमोर! जयभीम, जयभीम!"

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सरांनी साक्षगंधाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंही होतं. त्रिशरण-पंचशील, अंगठी, पुष्पहार, आणि त्याखाली फुलांच्या दोन चित्रांच्या मधोमध: 'विशेष आकर्षण : मुलीचे वडील श्री. देवमनराव पडघान हे पत्त्यांचे अवघड कोडे तर्काने सोडवून दाखवतील.'

"विशेष आकर्षण म्हंजे तुमी का?" लिलाबाईंनी विचारलं.

"हो."

"येते तुमाले ते?"

"अगं सोपं आहे," देवमनराव म्हणाले आणि कोड्यातली ती तीन माणसं त्यांच्या डोक्यात येऊन बसली.

तेव्हापासून ती तिथून उठलीच नाहीत. भाताचा घास उचलला की पहिला माणूस म्हणायचा, माहीत नाही. साबण लावला की दुसरा म्हणायचा, माहीत नाही. आणि तो तिसरा, डोळे बांधलेला हरामखोर, रोज कुठून तरी म्हणायचा, मला माहीत आहे! डोळे असलेल्या दोघांना जे दिसत नाही ते आंधळ्याला कसं दिसतं? देवमनरावांना त्या तिसऱ्या माणसाचा मनापासून राग येऊ लागला. कचेरीत नव्यानं आलेला एक पोरगेला अधिकारी असाच होता.

मुलगी नीलिमा शाळेत शिकवायची. तिनं बापाची दशा पाहून एकदा हळूच विचारलं, "बाबा, प्रसेनजितले इचारू का? त्याच्या घरचंच कोडं हाय."

"खबरदार!" देवमनराव कडाडले. "मुलीच्या बापानं जावयाकडून उत्तर आणलं, असं झालं तर तोंड दाखवायला जागा राहील का? आणि... काय म्हणतो तो?"

"तो म्हणते सोपं हाय."

देवमनराव आणखी खचले.

डोक्यात सुटत नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवलं की पत्ते हातात घेऊन पाहावेत. पण पडघानांच्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आला नव्हता. देवमनरावांच्या वडिलांनी पत्ते खेळणाऱ्या सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. म्हणजे आता या वयात, चष्मा लावून, मुन्नाच्या पानठेल्यावर जाऊन पत्ते मागायचे. ते दोनदा ठेल्यापर्यंत जाऊन बडीशेप घेऊन परत आले. तिसऱ्या खेपेला गर्दी कमी पाहून त्यांनी मान पुढे करून जवळजवळ श्वासानंच म्हटलं, "मुन्ना, पत्त्याचा कॅट आहे का?"

मुन्नाला लहानपणापासून हळू बोलता यायचं नाही. "काय काका, पत्ते? कोनता देऊ? रमीचा का तीन पत्तीचा?"

रस्त्यापलीकडच्या रसवंतीवर बसलेल्या माणसांनी ग्लास तोंडापासून बाजूला घेतले.

"कोणताही दे! कोड्यासाठी पाहिजे."

"हो हो, कोड्यासाठी," मुन्ना डोळा बारीक करून म्हणाला. "आमच्या इथं सगळे कोड्यासाठीच नेतात."

कॅट पिशवीत, पिशवी काखेत, असे ते घरी आले. लिलाबाईंना कॅट येण्याआधी बातमी आली होती. घरात पत्ते पसरायचे नाहीत, असं त्यांनी दारातच सांगितलं. मग देवमनरावांनी मोबाइलवर शोधून पाहायचं ठरवलं. कॉलनीतल्या कुठल्याही पोराला मोबाइलवर काय वाटेल ते सापडतं. देवमनरावांनी 'पत्ते' एवढंच लिहिलं, आणि मोबाइलनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सरकारी सवयीनं 'मान्य' म्हटलं. त्यातून कोडं निघालं नाही, एक खेळ निघाला. तो खेळ फोनमध्ये राहायलाच आला आणि वाटेल तेव्हा एका बाईच्या लाडिक आवाजात ओरडू लागला, "आइए, पत्ते बँट चुके हैं!"

तो दुसऱ्या दिवशी ओरडला तेव्हा कचेरीत मासिक बैठक चालू होती. साहेब प्रलंबित प्रकरणांवर बोलता बोलता पाणी प्यायला थांबले होते. त्या शांततेत बाई म्हणाली, आइए. देवमनराव फोन बंद करायला खिशात हात घालून घाईघाईनं उपसू लागले, तर फोनच्या आधी कॅट बाहेर आला. घरात ठेवायला बंदी असल्यामुळे तो त्यांच्याजवळच असायचा. पत्ते सगळ्या सभागृहात विखुरले. बदामची राणी घसरत घसरत गेली आणि साहेबांच्या बुटाला टेकून थांबली.

कोणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट झालं.

दुपारी त्यांच्या टेबलावर कागद आला: 'कार्यालयीन बैठकीत पत्ते आढळून आल्याबाबत खुलासा सादर करणे.' दुसऱ्यांना असले कागद लिहिण्यात देवमनरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी खुलासा लिहिला, 'सदर पत्ते हे करमणुकीसाठी नसून तर्कासाठी आहेत.' साहेबांनी आत बोलावून विचारलं, "पडघान, हा तर्क म्हणजे कोणता खेळ? मी ऐकला नाही." मग देवमनरावांना सगळं कोडं सांगावं लागलं. साहेबांनी ऐकून घेतलं. कपाळाला पेन लावलं. कपाळाचं पेन हनुवटीला लावलं. बाहेर तीन माणसं सहीसाठी ताटकळत होती. बऱ्याच वेळानं साहेब म्हणाले, "सोपं आहे. सोमवारी बोलू." आणि खुलाशावर 'नियम पाहावा' असा शेरा मारून त्यांनी तो आस्थापना शाखेकडे पाठवला. तर्काबद्दल नियम काय म्हणतो, हे तिथं अजून पाहत आहेत.

साक्षगंध आठवड्यावर आलं. आता देवमनरावांना जेवण जाईना.

ही अवस्था प्रथम ओळखली ती शेजारच्या गोपीचंदनं. गोपीचंदचं खताचं दुकान होतं आणि सोयाबीनला जे विचारतात तेच तो माणसालाही विचारायचा. "भाऊ, पिवळे पडून राह्यले तुमी. काय कमी पडून राह्यलं?"

देवमनरावांनी सांगून टाकलं. गोपीचंदनं मांडीवर थाप मारली. "अवं, असं डोक्यात कायले घोटून राह्यले? करून पाहा लागते! फवारनी कागदावर होते का? तीन मानसं पाह्यजेत ना? मी एक, तुमी एक, अन् आपले अमरसिंगभाऊ एक. उद्या माया गोदामात या. सुट्टीच हाय."

अमरसिंग राठोड हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना बसून राहायचा कंटाळा होता, कशालाही 'चला' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खताच्या गोदामात, पोत्यांच्या थप्पीआड, तिघं बसले. डोक्याला गमछे बांधले आणि गमछ्यांत कपाळावर एकेक पत्ता खोचला. मागून पत्ते खोचण्याचं काम अमरसिंगांनीच केलं, न पाहता, आणि स्वतःचाही तसाच खोचला. देवमनराव तिसरे, म्हणून त्यांचे डोळे दुसऱ्या गमछ्यानं करकचून बांधले. युरियाचा वास, वर पत्रा तापलेला, घाम नाकावरून ओघळतोय. हे सगळं मुलीच्या भल्यासाठी आहे, असं ते मनाशी म्हणत राहिले.

"अमरसिंगभाऊ, तुमचा पत्ता कोणता?"

"लाल," अमरसिंग म्हणाले.

"कसं ओळखलं?"

"ओळखलं कुठं? सांगतलं. चूक का बरोबर ते तुमी पाहा."

"अहो, तुम्हाला माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं! कोड्यात तसं आहे!"

"असं कसं म्हनू?" अमरसिंग दुखावले. "जनम गेला गाडीवर. पॅसेंजरनं इचारलं, डायव्हरसाब, गाडी कवा पोचन, तं टायर फुटेल असला तरी टाइम सांगतला मी. माहीत नाही म्हनलं तं गाडीत बसन का कोनी?"

"बरं, गोपीचंद, तू सांग."

"माया काळा."

"तुला तरी कसं कळलं?"

"अंदाज! भाऊ, दुकानदारानं माहीत नाही म्हटलं का गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. हे वाक्य मायाच्यानं निघत नाही."

पुन्हा पत्ते पिसले, पुन्हा खोचले. पुन्हा पहिला लाल म्हणाला, दुसरा काळा म्हणाला. देवमनरावांनी विनवलं, दरडावलं, हात जोडले. सगळ्या रिसोडात 'माहीत नाही' म्हणणारी दोन माणसं मिळू नयेत! गमछ्याआड त्यांचे डोळे भरून आले. तसेच बसून त्यांनी तिसऱ्यांदा पत्ते लावायला सांगितले.

आणि त्याच वेळी गोदामाचं पत्र्याचं दार करकरलं. पावलं आत आली. एक जड आवाज घुमला,

"हे काय चालू हाय? कोनाचे पत्ते हे?"

मग गोपीचंदचा आवाज आला, कधी नव्हे इतका बारीक. "मले माहीत नाही."

"तुमी सांगा. कोनाचे?"

"मले बी माहीत नाही," अमरसिंग म्हणाले.

त्या अंधारात बसलेल्या देवमनरावांच्या अंगावर काटा आला. माहीत नाही! दोघंही म्हणाले! कोण आलंय, का आलंय, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. पहिला म्हणाला, माहीत नाही. दुसरा म्हणाला, माहीत नाही. म्हणजे ते दोघं गप्प बसले नव्हते, ते काहीतरी सांगत होते! नाही म्हणणं हेच सांगणं होतं! आता तिसऱ्यानं बोलायचं होतं, आणि तिसरे ते स्वतः होते. ते पोत्यावरून ताडकन उठले आणि दोन्ही हात वर करून ओरडले,

"लाल! माझा लाल! मला माहीत आहे!"

कोणीतरी त्यांच्या कपाळावरचा पत्ता उपसला आणि डोळ्यांवरचा गमछा खाली ओढला. समोर शेलूबाजारचे मामा उभे होते. त्यांच्या हातात किलवरची सत्ती होती. काळीकुट्ट.

"जयभीम," देवमनराव म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

मामा मोंढ्यात सोयाबीन विकायला रिसोडला आले होते. पडघानांबद्दल काहीबाही कानावर आलं होतं, कचेरीतल्या पत्त्यांचंही आलं होतं, म्हणून जाता जाता चौकशी करावी म्हणून मुन्नाच्या ठेल्यावर थांबले. मुन्नानं आपल्या परीनं चांगलंच सांगितलं, "पडघान काका ना? साधा मानूस. सध्या पत्त्याचा नाद लागला. तिकडं गोदामात बसेल असतीन."

देवमनराव समजावू लागले, पण लाल आणि काळा आणि पहिला आणि दुसरा हे सगळं एकदम तोंडातून बाहेर पडायला गेलं आणि दारातच अडकलं. मामांनी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता, त्यामुळे ते जास्तच काळजीत पडले.

"भरदुपारी," मामा म्हणाले. "शुद्धीत. मी सगळं पाह्यलं. उत्तमरावले सांगतो." आणि ते निघून गेले.

"भाऊ, आमी तुमाले वाचवाच्या साठीच बोललो," गोपीचंद म्हणाला.

त्या दिवशी सरांचा फोन लागला नाही. साक्षगंधाच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार येत, ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. लिलाबाईंनी चहा ठेवला, पण कप हातात न देता टेबलावर ठेवला. नीलिमानं शाळेत जाताना दारात चप्पल घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, एवढंच. देवमनरावांनी रजेचा अर्ज टाकला, पाच पत्ते सदऱ्याच्या खिशात घातले आणि वाशिमची बस धरली. सोयरिक मोडायची असेल तर माझ्या तोंडावर मोडा, असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं.

खिडकीशी बसून ते त्याच गोदामात परत गेले. किलवरची सत्ती. दोघं 'माहीत नाही' म्हणाले तरी माझा पत्ता काळा कसा? मग त्यांना जाणवलं, की ते दोघं खोटं बोलले होते. शिवाय त्यांना रंग विचारलाच नव्हता, पत्ते कुणाचे ते विचारलं होतं. कोड्यातली माणसं खरं बोलतात. मग खरं बोलणारा पहिला माणूस कधी म्हणाला असता, मला माहीत आहे? काळे पत्ते दोनच. समोरच्या दोघांच्या कपाळावर दोन्ही काळे दिसले असते तर! मग उरले फक्त लाल, म्हणजे माझा लाल. पण तो म्हणाला, माहीत नाही. म्हणजे दुसरा आणि तिसरा मिळून दोन्ही काळे नाहीत. दोघांत एक तरी लाल आहे.

देवमनरावांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

आणि दुसऱ्यानं हे ऐकलंय! त्याला माहीत आहे की आमच्या दोघांत एक तरी लाल आहे. तो तिसऱ्याकडे पाहतो. तिसऱ्याचा काळा दिसला असता, तर तो लाल मीच, असं दुसरा लगेच म्हणाला असता. पण तोही म्हणतो, माहीत नाही. म्हणजे त्याला तिसऱ्याचा काळा दिसलाच नाही!

"लाल!" देवमनराव गाडीत मोठ्यानं म्हणाले. "लालच असतो तो!"

"हौ ना, लालच गाडी हाय," शेजारची बाई म्हणाली आणि पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

आनंद वाशिमच्या स्टँडपर्यंत टिकला. अनसिंगच्या गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की उत्तर येऊन उपयोग काय? आता कोडं विचारणार कोण?

भगत सरांच्या ओसरीवर मामा आधीच बसलेले होते. सर गंभीर होते. सरांची बायको दारात उभी होती, तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, पण 'बसा' कोणीच म्हटलं नाही.

"देवमनराव," सर म्हणाले, "मामा जे सांगून राह्यले ते खरं हाय का?"

देवमनरावांनी खुलासा मनात तयार करून आणला होता. 'सदर' पासून सुरू होणारा. पण तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"सर, तुमचं कोडं मले येत नव्हतं. सोपं हाय म्हनलो, ते खोटं. तवापासून अन्न गेलं नाही बाप्पा. त्याच्याच पायी पत्ते घेतले, त्याच्याच पायी गोदामात बसलो. मामा, तुमी एक डाव बसा मायासंग. मंग सोयरिक मोडाची तं मोडा."

मामा तयार नव्हते. पण सरांची बायको म्हणाली, "बसा ना दादा. पाहू तं द्या." भावाला तिचा शब्द मोडता येत नसावा. मामांच्या टोपीत एक पत्ता खोचला, बाईंच्या कपाळावर पदराच्या काठात एक अडकवला आणि देवमनरावांनी स्वतःचे डोळे बांधून घेतले. पत्ते सरांनी लावले, उरलेले दोन खिशात टाकले.

"मामा, तुमचा पत्ता कोनता?" देवमनरावांनी गमछ्याआडून विचारलं.

"मले काय माहीत?" मामा खेकसले. "मायाच डोक्यावर हाय, मले दिसते का?"

देवमनरावांना वाटलं, उठून या माणसाच्या पाया पडावं.

"अन् वयनी, तुमचा?"

बाईंनी एकदा मामांच्या टोपीकडे पाहिलं, एकदा देवमनरावांच्या कपाळाकडे. "नाही बाई," त्या म्हणाल्या. "मले बी नाही सांगता येत."

"तं मंग माया लाल," देवमनराव म्हणाले.

मामांनी उठून पत्ता काढला. चौकटचा अठ्ठा. लाल. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, देवमनरावांच्या डोळ्यांवरचा गमछा चाचपला, मग स्वतःच तो गमछा बांधून म्हणाले, "आता मी तिसरा. लावा पत्ते." दुसरा डाव झाला. तिसरा झाला. मधल्या एका डावात मामांची बहीण 'माया लाल!' म्हणाली, तेही बरोबर निघालं, कारण त्या वेळी देवमनराव पहिले होते, ते 'माहीत नाही' म्हणाले होते आणि मामांचा काळा तिला दिसत होता. देवमनरावांनी सगळं पहिल्यापासून समजावलं, जमिनीवर बोटानं रेघा ओढून. मामांनी शेवटी मिशीवर बोट ठेवलं. "म्हंजे जुगार नाही हा."

"नाही."

"मंग गोदामात कायले लपून बसले होते?"

देवमनरावांनी जमिनीवरच्या रेघा तळव्यानं पुसायला घेतल्या.

आता सर सरकत जवळ आले, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "देवमनराव, ते दुसऱ्याचं... ते पुन्हा एक डाव सांगा बरं. सावकाश."

देवमनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "सर?"

"काय हाय," सर बायकोकडे न पाहता म्हणाले, "एका प्रशिक्षनात हे कोडं कोनी घातलं होतं. उत्तर सांगाच्या आधी जेवनाची सुट्टी झाली. तवापासून ज्याले त्याले इचारून राह्यलो. जो तो म्हनते सोपं हाय, मंग सांगतो. मुख्याध्यापक म्हनले, केंद्रप्रमुख म्हनले, मायं पोरगं बी म्हनते. वापस येऊन सांगनारे तुमी पह्यले."

त्यानंतर 'बसा' म्हणायची गरज उरली नाही. बाईंनी आत जाऊन कढई चढवली.

साक्षगंध ठरल्या रविवारी झालं. त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या घातल्या, नीलिमानं आणि प्रसेनजितनं एकमेकांना हार घातले. मग सरांनी माइक हातात घेतला. विशेष आकर्षण! उत्तर आता सरांनाही येत होतं, आणि इतक्या वर्षांनी आलेलं उत्तर माणूस दुसऱ्याच्या तोंडून ऐकत नाही. त्यामुळे समजावणार सर, आणि देवमनरावांनी फक्त तिसरा माणूस व्हायचं, असं ऐनवेळी ठरलं. पहिले मामा, दुसऱ्या विहीणबाई. देवमनराव नव्या कोटात खुर्चीवर बसले, फेट्यात कपाळावर पत्ता, डोळ्यांवर गमछा. फोटोवाल्यानं तीन फोटो काढल्याचं त्यांना आवाजावरून कळलं.

सरांनी सुरुवात केली ती प्रशिक्षणापासून. मग पाच पत्ते, मग तर्क म्हणजे काय, मग आजच्या पिढीत तर्क का उरला नाही. गमछ्याआड देवमनराव पहिला, दुसरा, तिसरा असं मनातल्या मनात घोकत राहिले. सुरुवातीला मंडपात कुजबुज होती, खुर्च्या सरकल्या, मुलं रडली. मग हळूहळू आवाज कमी होत गेले. अगदी शांत झालं. सगळा मंडप श्वास रोखून ऐकतोय, या विचारानं त्यांनी कोट ओढून नीट केला.

"मामा?"

"माहीत नाही."

"बाई?"

"मले बी माहीत नाही."

"आता सांगा देवमनराव, तुमचा?"

देवमनरावांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाल!"

टाळी पडली. एकच.

त्यांनी गमछा वर केला. समोर खुर्च्यांच्या ओळी होत्या, सगळ्या रिकाम्या. कुठे पाकीट पडलेलं, कुठे लहान मुलाची एक चप्पल. सगळे पाहुणे मंडपाच्या दुसऱ्या टोकाला वांग्याच्या भाजीच्या रांगेत उभे होते. गोपीचंद सगळ्यात पुढे होता. पहिल्या रांगेत मधोमध, पैठणीचा पदर मांडीवर नीट ठेवून, लिलाबाई एकट्या बसल्या होत्या.

त्या उठल्या, जवळ आल्या आणि त्यांच्या फेट्यातला पत्ता काढून पाहिला.

"बदाम," त्या म्हणाल्या. "बरोबर सांगतलं तुमी. चला आता, भाजी संपून जाईन."